न्हाणीमागचं डाळिंब

आमच्या घरी सकाळ व्हायची ती पिशव्या भरण्याच्या आवाजानं. आई पायरीवर बसून पत्र्याच्या डब्यानं माती उचलायची, काळ्या पिशवीत लोटायची आणि पिशवीचं बूड जमिनीवर आपटायची. माती खाली बसली की पुढची पिशवी. अंथरुणात पडल्या पडल्या तो धप धप आवाज ऐकून मला कळायचं की आज आईचा मूड कसा आहे. लातुरात औसा रोडला त्या काळी जिथं वस्ती संपायची, तिथं आमची रोपवाटिका होती. पाटीवर 'नर्सरी' असं लिहिलेलं होतं, गिऱ्हाइकं 'रोपाचं दुकान' म्हणायची आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, तिला 'मळा' म्हणायचे. मळा म्हणण्याइतकी ती मोठी नव्हती, पण अण्णांच्या थाटाच्या गोष्टी मोजक्याच होत्या आणि त्यातली ही एक होती, म्हणून आम्ही कुणी हरकत घेत नव्हतो.

रोपांवर सावलीला हिरवी जाळी असते हे मी फार पुढं पाहिलं. आमच्याकडे तुराट्यांचा मांडव होता. त्यातून ऊन गाळून खाली पडायचं, आणि वारा सुटला की तुराट्या एकमेकींना घासून कुरकुरायच्या. मांडवाखाली गुलाब, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, लिंबू, पेरू. एका कोपऱ्यात अण्णांची कलमं. घरभर शेणखताचा वास असायचा. आम्हाला तो येत नव्हता. पाहुण्यांच्या तोंडावरून तो आहे हे कळायचं. जेवणापूर्वी हात धुणं हा आमच्याकडे एकमेव कडक सोपस्कार होता. नखांतली माती निघेपर्यंत आई ताट पुढं सरकवायची नाही. मग ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची लाल चटणी. अण्णा भाकरी आमटीत कुस्करायचे आणि जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. बोलणं सगळं झाडांपाशी व्हायचं.

आता मी नांदेडला राहते. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी संपत आली आहे, गच्चीवर थोड्या कुंड्या आहेत, आणि शेजारणीच्या आग्रहामुळं मी बागप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे. तिथं रोज कुणीतरी विचारतं की सध्या ट्रेंडमध्ये काय आहे. मागच्या वर्षी बेडरूममध्ये ठेवायची, हवा शुद्ध करणारी झाडं होती. यंदा अडेनियम आहे, बुंधा जितका सुजलेला तितकी किंमत जास्त. उभ्या भिंतीवरच्या बागा आहेत, त्यांना पाणी टँकरचं. जुन्या रोपवाटिकांच्या पाट्या उतरून तिथं 'प्लांट स्टुडिओ' आले आहेत आणि तिथली मुलं झाडाच्या किमतीबरोबर त्याचा स्वभावही सांगतात. मी काही बोलत नाही. आमच्या काळी गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारायचं, ह्याला काय लागतं, फूल की फळ. हवा शुद्ध होते असं अण्णांनी सांगितलं असतं तर लोकांनी हवा घरीच आहे म्हणून पेरू नेला असता.

भूकंपाबद्दल मी इथं लिहिणार नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. लातुरात आमच्या मांडवाखालच्या कुंड्या गडगडल्या आणि आई बाहेर येऊन उभी राहिली, एवढंच आमचं. औसा तालुक्यातल्या ज्या गावाची ही हकिकत आहे, ते गाव मात्र पुरतं बसलं. वाचलेली माणसं बराच काळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिली आणि मग त्यांना दूर माळावर नवं गाव बांधून मिळालं. नव्या गावात रस्ते इतके रुंद होते की समोरच्या घरातल्या बाईला हाक मारायची तर ओरडावं लागे. घरं सगळी एकसारखी, रांगेत, आणि झाड एकही नाही.

झाडं लावायची असं कुणीतरी ठरवलं. एका दानशूर मंडळानं घरटी एक रोप द्यायचं कबूल केलं आणि रोपांचं काम अण्णांना मिळालं. अण्णांनी विचारलं, कोणाला काय पाहिजे ते विचारून घेऊ का? मंडळातले एक गृहस्थ म्हणाले की एकसारखी झाडं फोटोत चांगली दिसतात. म्हणून अशोक. म्हणजे तो उंच, सरळ, खोटा अशोक, ज्याला लोक तेव्हा बंगल्याच्या कुंपणाला ओळीनं लावायचे. त्या वर्षांचा तोच ट्रेंड होता.

समारंभाला मी अण्णांबरोबर ट्रॅक्टरवर बसून गेले. बी. एस्सी. झालेली होते आणि लग्न जमत नव्हतं, त्यामुळं मला कुठंही नेता येत होतं. मांडव घातला होता. स्टेजपुढच्या कुंड्या आमच्याच होत्या, त्यांना आईनं आदल्या दिवशी गेरू फासला होता. प्रत्येक रोपाला लाल रिबीन होती. जिल्ह्याचे साहेब आले, भाषणं झाली. एका वक्त्यानं झाडाला मुलगा म्हटलं, दुसऱ्यानं आई, तिसऱ्यानं गुरू. गावातली माणसं, ज्यांच्या घरातले मुलगे आणि आया त्या जुन्या गावात राहिल्या होत्या, ती उन्हात गप्प बसून ऐकत होती. मग साहेबांनी एक रोप खड्ड्यात ठेवलं. हाताला माती लागलेली नव्हती, तरी हात धुवायला तांब्या आणि पुसायला नवा टॉवेल तयार होता.

पुढची रोपं मी घरोघर वाटत गेले. एका दारात पन्नाशीच्या आसपासची एक बाई उंबऱ्यावर बसली होती. तिचं नाव सोजरबाई हे मला नंतर कळलं. तिनं रोप हातात घेतलं नाही.

"काय हाय हे?"

"अशोक आहे, मावशी."

"लागतं काय ह्याला?"

"काही नाही. शोभेचं असतं."

"मंग साहेबाच्या दारात लाव की लेकी. तिकडं शोभा कमी पडत आसंल."

मागून अण्णा येत होते. त्यांनी ते ऐकलं आणि रिबिनीचं रोप माझ्या हातातून काढून घेतलं. "जुन्या घरी काय होतं, माय?" त्यांनी विचारलं.

"डाळिंब व्हतं. न्हाणीमागं." एवढं बोलून ती थांबली. अण्णा तिथंच दगडावर बसले. गप्प बसायची अण्णांना सवय होती, आणि ते गप्प बसले की माणसं बोलायची हे मी लहानपणापासून पाहत आले होते. सोजरबाई बोलली. तिची एकुलती लेक मंगल जन्मली तेव्हा तिची नाळ न्हाणीमागं पुरली आणि त्यावर डाळिंबाचं रोप लावलं. लाल दाण्याचं, गोड. रोप सोजरबाईच्या माहेरचं. त्या रात्री सोजरबाई आणि तिचा मुलगा दत्तू शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यावर, होते. मंगल आणि तिचे वडील घरात होते. दत्तू आता पुण्याला कंपनीत लागला होता. लेकीचा फोटो नव्हता. लुगडी, भांडी, काही वर आलं नव्हतं.

"झाड आहे का अजून?" अण्णांनी विचारलं.

"आसंल. म्या गेले न्हाई तिकडं. जाणार बी न्हाई." मग तिनं अण्णांकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "त्याची फांदी लावली तर तेच झाड येतंय का ओ, भाऊ?"

"तेच येतं," अण्णा म्हणाले. "बी लावलं तर वेगळं निघू शकतं. गुटी बांधली, फांदीलाच मुळं आणली, तर तेच."

"तेच म्हंजी मंगलच्या नाळंवरचंच?"

"तेच."

घरी येऊन अण्णांनी हे आईला सांगितलं तेव्हा आईनं हातातला डबा खाली ठेवला. "शब्द देऊन आलात? त्या दगडाच्या ढिगात कुठं धुंडणार तुम्ही डाळिंब? दोन साल कुणी पाणी घातलं नसंल त्याला."

"झाड हाय ते, सुई न्हाई."

"आन् वाळून गेलं आसंल तर? तिला काय सांगणार? दुसरंच कुठलं देऊन येणार?"

"तसं केलं तर मला मळ्यात उभं करू नको," अण्णा म्हणाले, आणि गुटीचं सामान काढायला मांडवाखाली गेले.

जुन्या गावात आम्ही भर पावसाळ्यात गेलो. सोजरबाईनं खूण सांगितली होती, मारुतीच्या देवळामागं मोठा कडुलिंब आहे, त्या लिंबाखाली आमची न्हाणी. वेशीपाशी अण्णांनी चपला काढून हातात घेतल्या. मीही काढल्या. गल्ल्या ओळखू येत नव्हत्या. काळे दगड, पांढरी माती, त्यावर गुडघ्याएवढं गवत आणि एरंड. पण झाडं जिथल्या तिथं उभी होती. भिंत नाही, छप्पर नाही, आणि मधेच एखादा शेवगा शेंगांनी लगडलेला. कुणाच्या तरी चुलीच्या जागेशी तुळस उगवून रान झाली होती. जाई एका मोडक्या चौकटीवर चढली होती आणि फुलली होती. अण्णा प्रत्येक झाडाशी थांबत होते. मला तिथून लवकर निघायचं होतं.

लिंब सापडला. त्याच्या खाली एक नाही, दोन डाळिंबं होती. एक दगडांत निम्मं गाडलेलं, शेंडे वाळलेले, कुठं कुठं चार पानं. दुसरं त्याच्यापासून थोड्या अंतरावर, छातीभर उंच, तांबूस कोवळी पालवी आलेलं, पेन्सिलीच्या जाडीच्या सरळ काड्या. दोन्हींच्या मध्ये एके काळी भिंत असेल असं आज मी म्हणू शकते. त्या दिवशी तिथं भिंतीची काही खूण नव्हती, सगळा एकच ढीग होता. अण्णांनी दोन्हीकडं पाहिलं आणि हिरव्या झाडाशी जाऊन बसले. त्यांच्या हातांना विचार करावा लागला नाही. आमच्या धंद्यातला पहिला नियमच तो: गुटी बांधायची ती निरोगी, जोमदार झाडाची. रोगट झाडाचं कलम केलं की तो रोग गिऱ्हाइकाच्या दारात पोचतो. अण्णांनी जन्मभर हे केलं होतं, शंभर झाडांतून एका नजरेत चांगलं झाड निवडणं. मला वाटतं, दुसऱ्या कुठल्याही माणसानं त्या दिवशी आधी विचारलं असतं की यातलं तिचं कुठलं. सोनाराला किंवा मास्तरला ही चूक जमली नसती.

त्यांनी काडीवरची साल अंगठीएवढी गोल काढली, त्यावर भिजवलेलं शेवाळ दाबलं, प्लास्टिक गुंडाळून दोन्हीकडं सुतळीनं आवळलं. अशा काही गुट्या बांधल्या. पुन्हा गेलो तेव्हा प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसत होती. अण्णांनी मला बोलावून दाखवली. दगडांच्या त्या गावात ती मुळं बघताना मला काय वाटलं हे मी बरेचदा लिहायचा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी खोडलं आहे. मुळं दिसत होती, एवढंच लिहिते.

त्यांतलं सगळ्यांत चांगलं लागलेलं कलम कापून, पिशवीत भरून मळ्यात सावलीला ठेवलं. आई त्याला रोज हातानं पाणी द्यायची, झारीनं नाही. "नाजूक हाय," म्हणायची. ते अण्णांनी पुढच्या पावसाळ्यात सोजरबाईला नेऊन दिलं. तोपर्यंत समारंभाचे अशोक शेळ्यांनी खाल्ले होते. साहेबांच्या हातचा तेवढा जगला होता, कारण त्याला लोखंडी जाळी होती आणि जाळीवर साहेबांचं नाव होतं. सोजरबाईनं नव्या घराच्या न्हाणीचा पाइप कुदळीनं फोडून पाणी मागच्या बाजूला वळवलं, कलम लावलं, भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. पाइप फोडल्याबद्दल ग्रामसेवकानं तिला बोलावून घेतलं होतं. ती गेली नाही.

नंतरच्या काळात तिचा निरोप अधूनमधून यायचा. औशाच्या बाजारला आलेल्या कुणाकडून तरी, की झाड बरं आहे, कमरेला लागलं, फुलं आली, पहिली गळून गेली. अण्णा निरोप ऐकून मान हलवायचे आणि दिवसभर बऱ्या मूडमध्ये असायचे. मग एकदा निरोप आला की फळ धरलंय, पिकलंय, अण्णांनी येऊन पहिलं फळ फोडावं. तोवर माझं लग्न नांदेडला ठरलं होतं. आई म्हणाली, जा, पुन्हा कधी जाशील.

सोजरबाईनं धपाटे केले होते आणि दही लावलं होतं. आम्हाला घोंगडीवर बसवलं. स्वतः नवं लुगडं नेसली होती. काट्यांच्या आत ते झाड टवटवीत उभं होतं, आणि अण्णा त्याच्या भोवती फिरून आले ते मुलीच्या सासरी सगळं ठीक आहे हे पाहून आलेल्या बापासारखे. तिनं फळ तोडून ताटलीत ठेवलं आणि विळी पुढं केली.

"तुमी फोडा भाऊ. तुमचा हात हाय त्याच्यावर."

अण्णांनी फळ फोडलं. दाणे पांढरे होते, थोडी गुलाबी झाक असलेले पांढरे. अण्णांना त्यात वावगं वाटलं नाही. लाल दाणा त्यांनी नुसता ऐकला होता, मूळ फळ कधी पाहिलेलंच नव्हतं. मला कळलं, कारण मी सोजरबाईकडं बघत होते. तिनं एक दाणा तोंडात टाकला आणि बराच वेळ तो चावलाच नाही.

"हे माजं न्हाई," ती म्हणाली.

"पहिल्या बहाराला रंग कमी भरतो, माय..."

"भाऊ, हे शेवंताचं हाय. आंबट. पांढऱ्या दाण्याचं. भिंतीपल्याडचं."

अण्णांनी हातातलं फळाचं अर्धुक ताटलीत ठेवलं. "दोन झाडं होती तिथं," ते म्हणाले. "एक वाळलेलं. मी हिरवं बघून बांधलं."

"हिरवं आसणारच की! माज्या न्हाणीचं पाणी भिंतीखालून तिच्याकडं जायाचं. माजं झाड कोरडं ऱ्हायाचं आन् तिचं माजायचं. त्या पाण्यापायी मी आन् शेवंता किती साल बोललो न्हाई माहीत हाय का तुमाला?" तिचा आवाज चढला होता. "तिच्या घरातलं एक माणूस वाचलं न्हाई, आन् तिचं झाड माज्या दारात आणून लावलंत? माज्या हातानं ह्याला पाणी घातलं मी. रोज ह्याच्याशी बोलले. मंगल म्हणून बोलले."

तिनं ताटली पलीकडं सारली.

"उपटा ते," ती म्हणाली.

"उपटतो," अण्णा म्हणाले. "आधी तिकडं जाऊन येतो. तुझं असंल अजून तर आजच बांधतो."

आम्ही तसेच उठून जुन्या गावात गेलो. अण्णा इतके भरभर चालत होते की मला मागं पळावं लागलं. लिंब होता. खालची जागा सपाट होती. बांधकामासाठी जुन्या गावातले घडीव दगड ट्रॅक्टरनं नेणं तेव्हा सुरू झालं होतं. ज्या दगडांखाली ते वाळकं डाळिंब दबलं होतं ते दगड गेले होते, आणि त्यांच्याबरोबर झाडही. शेवंताचंही राहिलं नव्हतं. अण्णा वाकून माती उकरत राहिले, एखादं मूळ, एखादा फुटवा. मी त्यांना "चला" म्हणाले ते त्यांनी ऐकलं नाही. मग आपणच उठले, हात झटकले.

परत आलो तेव्हा सोजरबाई त्याच जागी बसलेली होती. ताटलीत फळाचे दोन भाग होते.

"न्हाई राहिलं," अण्णा म्हणाले.

तिनं मान हलवली. अण्णांनी विचारलं, "कुदळ कुठं हाय?"

"जेवून घ्या," ती म्हणाली.

आम्ही जेवलो. अण्णा तसेही जेवताना बोलत नसत, पण त्या दिवशीचं गप्प राहणं मला आजही आठवतं, धपाट्यातल्या ओव्याच्या वासासकट. कुदळ काही तिनं आणून दिली नाही. आम्ही निघताना ती दारापर्यंत आली. "शेवंताची इंदी तेवढी हाय," ती म्हणाली. "शिरूर अनंतपाळला दिलेली. सासरी व्हती म्हणून वाचली. तवापास्नं इकडं फिरकली न्हाई. फिरकून तरी कुणाकडं जाईल?" मग म्हणाली, "तिला सांगावा धाडा. म्हणावं, तुज्या मायचं झाड हाय, घेऊन जा. माज्या दारात नगं."

शिरूरची गिऱ्हाइकं मळ्यात येत असत. सांगावा गेला. इंदूनं उलटा निरोप पाठवला की येते, आणि ती यायच्या दिवशी अण्णांनी गुटीचं सामान बरोबर घेतलं, कारण फळावर आलेलं झाड उपटून दुसऱ्या गावी नेता येत नाही हे या दोघींना कुणीतरी सांगायला हवं होतं. मला येण्याची गरज नव्हती. मी गेले.

इंदू माझ्याहून थोडी मोठी असेल. कडेवर मूल होतं. ती दारात उभी राहिली आणि सोजरबाईनं तिला 'ये' म्हटलं नाही, नुसती आत सरकली. इंदू सरळ मागच्या बाजूला गेली. मूल खाली ठेवलं, काट्या बाजूला केल्या आणि झाडाच्या बुंध्याशी बसली. फार वेळ. मग तिनं एक फळ ओढून काढलं, दगडावर आपटून फोडलं आणि दाणे तोंडात टाकून डोळे मिटले.

"आंबट हाय," सोजरबाई मागून म्हणाली. "मीठ आणू का?"

इंदूनं वळून पाहिलं. "काकू, तुमी मायला बोलत नव्हता."

"न्हाईच बोलत व्हते."

"मंगल बोलायची."

मीठ आणायला आत निघालेली सोजरबाई माघारी वळली.

"भिंतीवरून यायची ती," इंदू म्हणाली. "तुमी शेतात गेल्या की. हेच खायाला. तुमचं गोड व्हतं, ते तिला आवडायचं न्हाई. म्हणायची, गोड काय, ते तर साखर बी आसती. माय तिला मीठ-मिरची लावून द्यायची. दोघी आमी लिंबाखाली बसून खायाचो."

"मला कदी म्हणली न्हाई."

"तुमी मारलं आसतं."

"मारलंच आसतं," सोजरबाई म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला. मूल काट्यांकडं रांगत निघालं तसं अण्णांनी त्याला उचललं.

इंदू खरं बोलली का, हे मला सांगता येत नाही. सांत्वनाला आलेल्या माणसांना त्या त्या वेळी हवी ती आठवण सुचते, हे मी पुढं पुष्कळ पाहिलं, स्वतःही केलं आहे. परतीच्या वाटेवर मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तुला मंगल ठाऊक होती का? मला होती का? मग आपण कशाला तपासायचं?" पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या बाईला हे उत्तर पुरत नाही. पण तेव्हापासून मला दुसरं मिळालेलंही नाही.

अण्णांनी इंदूसाठी दोन काड्यांवर गुट्या बांधल्या. फांदी धरायला कुणीतरी हवं होतं, तेव्हा सोजरबाईच पुढं झाली. "इथं नगं, ती बारीक हाय. ही घ्या. न्हाई, ही," करत तिनं अण्णांना दोन काड्या बदलायला लावल्या. मुळं सुटली की कलम शिरूरला पोचवायचं ठरलं. झाड उपटण्याचा विषय कुणी काढला नाही. इंदूनंही 'घेऊन जाते' म्हटलं नाही.

दुपारी ती निघाली. एसटी चुकेल म्हणून अण्णा घाई करत होते. सोजरबाईनं तिला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, तांदूळ आणि खण ओटीत घातला आणि त्यावर झाडावरचं एक फळ ठेवलं. हे सगळं तिनं मान वर न करता केलं, मोजून मापून, लेकीच्या ओट्या भरायची सवय असलेल्या बाईसारखं. मंगलची ओटी मात्र तिला कधी भरायला मिळाली नव्हती. इंदू वाकून पाया पडली. मूल कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत गेली आणि तिथून वळली. रस्ता रुंद होता, म्हणून तिला मोठ्यानं विचारावं लागलं.

"काकू, नागपंचमीला येऊ का?"

"झाड तुज्या मायचं हाय," सोजरबाई दारातूनच ओरडली. "मला कामून इचारतीस?"